मागच्या दाराचं चाक

म्हातारीला गाडीच्या चाकाचा वीट आला असं म्हटलं तर लोक हसतील. चाकाशी तुझं काय काम, म्हणतील. पण खरं सांगते, गाडीचं जे जादा पाचवं चाक असतं, ज्याला सगळे स्टेपनी म्हणतात, त्या एका चाकापायी मला एका पावसाळ्यात जेवढी किळस आली तेवढी चाळीस वर्षं शेण काढताना आली नाही. शेण बरं. शेण आपल्या जागी पडतं आणि वाद घालत नाही.

आमचा तांडा आखाडा बाळापूरकडून आत आहे. डांबरी सडक सोडली की दोन किलोमीटर नुसती काळी माती. पावसाळ्यात ती माती अशी धरते की चप्पल मागं राहते आणि माणूस पुढं जातो. दवाखान्याची गाडी सडकेवर उभी राहते, भोंगा वाजवते, आत येत नाही. म्हणून माझ्या लेकानं जीप घेतली. जुनीच, पण चारी चाकांना जोर असलेली. घेतली तेव्हा गाडी चांगली होती, हे मी कबूल करते. तिची अवकळा नंतर केली ती त्यानंच.

त्यानं तिला मोठे टायर बसवले. चिखलात चालायला मोठे लागतात, हे त्याचं खरं. पण चार चाकं मोठी झाल्यावर पाचवंही मोठं आलं, आणि ते पाचवं टांगलेलं मागच्या दारावर. दार पत्र्याचं, आणि चाक एवढं की दोन माणसांनी उचलावं. सहा महिन्यांत दाराच्या बिजागऱ्या वाकल्या. दार खाली बसलं. बंद केलं की उघडेना, उघडलं की कडी जाग्यावर येईना. वर त्या चाकाच्या खाचांत जगाची घाण. चिखल, शेण, कुठल्या कुठल्या गावचं गवत. एकदा तर एक वाळलेला बेडूक निघाला, चपटा, पापडासारखा. मी अंगणात सडा टाकायला वाकले की ते चाक बराबर माझ्या तोंडासमोर यायचं.

"हे दार दुरुस्त कर रे," मी म्हणायची.

"करतो याडी," तो म्हणायचा. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. घरात आम्ही आमची बोली बोलतो, लिहिते मी मराठीत, कारण लिहायला मी लेकराच्या शाळेच्या पुस्तकावरूनच शिकले. तर "करतो याडी" हे दोन शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मग श्रावणात माझी जाऊबाई पडली.

जाऊबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी नीट थापता येत नव्हती, ती तिनं शिकवली, आणि शिकवताना माझ्या हातावर दोन फटकेही दिले. धनी जाऊन तिला पुष्कळ वर्षं झाली. लेक-सून कामाला पुण्याकडं. ती आमच्यातच असते. ह्या बाईची एक गोष्ट सांगते म्हणजे पुढचं कळेल. केस विंचरल्याशिवाय आणि डोक्यावर पदर घेतल्याशिवाय ती आयुष्यात कधी उंबऱ्याबाहेर गेली नाही. शेतात पराटी, म्हणजे कापूस, निंदायला जातानासुद्धा नाही. आम्ही हसायचो. म्हणायचो, बाई, पराटी काय तुमाला बघायला येणारे का? ती म्हणायची, "पराटी न्हाई बघत. मी बघते."

ती धुण्याच्या दगडावर घसरली आणि खुबा मोडला. नांदेडला ऑपरेशन झालं, आत लोखंड घातलं, घरी आणली. पण जखम भरेना. पाणी यायला लागलं, मग पू. वसमतच्या डॉक्टरनं सांगितलं, दर चौथ्या दिवशी आणा, मी साफ करून पट्टी बांधतो, नाही तर आतलं लोखंड काढावं लागेल. आणि बसवून आणायची नाही, आडवी आणायची.

आडवी म्हणजे जीपच्या मागच्या दारानं. दुसरा रस्ता नाही. मागच्या दोन्ही बाकड्या काढल्या, फळी टाकली, फळीवर दोन गोधड्या टाकल्या. पहिल्या खेपेला दार उघडलं होतं. जाऊबाईला आत सरकवली आणि लेकानं बाहेरून लाथ घालून दार बंद केलं. मी आत तिच्या उशाशी. 

वसमतला दवाखान्यासमोर पोचलो आणि दार उघडेना. लेकानं ओढलं, हाणलं, शिव्या दिल्या. समोर चहाची टपरी, तिथं हळदीच्या पोत्यांची वाट बघत बसलेली माणसं. ती उठली. मदतीला माणसं धावून आली असं लोक कौतुकानं सांगतात. मी त्या दिवसापासून असं सांगत नाही. धावून आले त्यातले दोघं मदत करत होते आणि बाकीचे बघत होते. एक जण म्हणाला, "दाराच्या नादी लागू नका, पुढून काढा." आणि त्यांनी काढली. पुढच्या सीटवरून, पाय आधी, पोतं ओढावं तशी. तिचं लुगडं वर सरकलं. गुडघ्याच्या वर, मांडीवरची पट्टी दिसेपर्यंत. मी आतून हात लांबवला, पण माझा हात पोचेना. पदर सुटला, केस सुटले. टपरीपाशी एकानं मोबाइल वर धरला होता. फोटो काढला की नाही मला माहीत नाही. पण धरला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

जाऊबाई ओरडली नाही. दुखलं नसेल असं नाही. ती तोंड मिटून आभाळाकडं बघत राहिली. परत निघताना कुणीतरी पहार आणून दार उचकटलं आणि घरापर्यंत ते तारेनं बांधून आणलं. वाटेत ती एकच वाक्य बोलली.

"धाकटे, मी आता येणार न्हाई."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. चौथा दिवस आला, ती उठेना. भिंतीकडं तोंड करून पडली. तांड्यावर येणाऱ्या सिस्टरनं वरवरची पट्टी बदलली आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, मावशी, हे माझ्या हातचं काम नाही, आत पू साठतोय, पाय जाईल नाही तर माणूस जाईल. पुढचा चौथा दिवसही तसाच गेला. तोवर त्या खोलीत वास यायला लागला होता. मी तिचं सगळं करत होते, पण लपवत नाही, त्या वासानं मला मळमळायचं. पदर नाकाला लावायचा मोह व्हायचा आणि तो मोह झाल्याची मला स्वतःची आणखी शिसारी यायची.

"बाई, पाय जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे."

"तुमी मराल."

"मग चौघं नीट उचलून तरी नेतील."

 मी उठून चालले तशी ती मागून म्हणाली, "ते दार नीट उघडत असंल तर येते. माणसासारखी आत जाईन, माणसासारखी बाहेर येईन. तेवढं जमत असंल तर सांग. न्हाई तर पुन्हा विचारू नको."

त्या दिवशी मी लेकाला जे बोलले ते इथं लिहीत नाही.  त्यानं मोबाइल काढून मला एक फोटो दाखवला. एका गाडीच्या मागं, खालच्या बंपरच्या कोपऱ्यावर, एक जाड खुंटा उभा. खुंट्यावर फिरणारा लोखंडी हात. चाक दारावर नाही, त्या हातावर. हात फिरवला की चाकासकट बाजूला जातो आणि दार मोकळं.

"दारावर काहीच वजन न्हाई याडी. बिजागऱ्या नव्या टाकल्या की बोटानं उघडंल."

"हे तर गोठ्याचं फाटक आहे," मी म्हटलं.

"तसंच समज." आणि मग त्याचे डोळे चमकले, आणि ते काहून चमकले ते ऐका. "ह्याच्यावर डिझेलचा डबा पण बसतो. वर झेंड्याला नळी पण लावता येते."

घरात चुलती कुजून राहिली आणि ह्याला झेंडा दिसतो. मी म्हटलं, मी येते सोबत. मी आले नाही तर तू झेंडा घेऊन येशील आणि दार तसंच ठेवशील.

बाळापूरला सडकेच्या कडेला एक वेल्डिंगवाला आहे. हात सोन्याचा आणि तोंड गटाराचं. तोंडात गुटखा भरलेला, म्हणून हनुवटी वर करून बोलायचा, जसं पाणी सांडेल. बोलायचं असलं की आधी थुंकायचं. मी सावलीला स्टूल घेऊन बसले तर माझ्या पायाशी थुंकला. मी स्टूल सरकवलं. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "दादा, मी कुठं बसू ते आधी सांग, मग तू थुंक." तो हसला आणि हसताना थोडं त्याच्या शर्टावर सांडलं. देवा. त्या दिवशी मला दुपारी भाकरी गेली नाही.

पण काम करायला लागला तसं मी बघत राहिले. पत्र्याचा जुना बंपर काढून जाड लोखंडाचा लावला, गाडीच्या हाडांनाच, म्हणजे खालच्या चासीला, नटबोल्टांनी आवळून. कोपऱ्यावर खुंटा. खुंट्यात ट्रॉलीच्या चाकाचं बेअरिंग, त्यामुळं हात लोण्यासारखा फिरणार. चौकोनी पाइपचा हात, त्यावर चाकाची तबकडी.

मग हात कुठल्या बाजूला उघडायचा ह्यावर वाद. लेकाचे तीन सोबती आले होते, कुणी बोलावलं नव्हतं. एक म्हणाला डावीकडं, एक म्हणाला उजवीकडं, तिसरा म्हणाला फोटोत कसं दिसंल ते बघा. चहा आला, गेला, पुन्हा आला. तासभर चार बाप्ये एका खुंट्याभोवती. शेवटी मी उठले.

"दार कुण्या बाजूला उघडतं?"

"डावीकडं."

"मग हातही डावीकडंच जाऊ द्या. एक इकडं आन् एक तिकडं उघडलं तर मधी उभं राहून माणूस उचलायचं कसं?"

वेल्डिंगवाला थुंकला आणि म्हणाला, "आजीला कळून राहिलं, तुमाला काहून कळंना?"

संध्याकाळपर्यंत काम झालं. दाराला नव्या बिजागऱ्या पडल्या. हाताच्या मोकळ्या टोकाला एक पकड लावली, दांडी वर ओढली की सुटते, दाबली की बसते. निघताना तो लेकाला बजावून म्हणाला, "पकडीत रबर टाकायचं राहिलं. आज जाड रबर न्हाई माझ्याजवळ. उद्या परवा येऊन जा, पाच मिनिटाचं काम आहे. न्हाई तर खडखड करंल."

"येतो," लेक म्हणाला. पुढं "याडी" तेवढं नव्हतं, बाकी शब्द तेच.

घरी आल्यावर सगळा तांडा जमला. प्रत्येकानं दांडी ओढली, चाक फिरवलं, पुन्हा लावलं. जत्रेत पाळणा बघावा तसं. मी सगळ्यांना हाकललं. लेकाला जीप उलटी करून जाऊबाईच्या खोलीसमोर लावायला सांगितली, आणि तिच्या खाटेवरून दिसेल अशी मी स्वतः दांडी ओढली. हात फिरला. दार एका बोटानं उघडलं.

ती बघत होती. "पुन्हा कर," म्हणाली.

पुन्हा केलं.

"आता बंद कर आन् पुन्हा कर."

तीनदा केलं. मग म्हणाली, "बरं. येते."

आता इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. शहाण्या लोकांची असती तर संपली असती.

दुसऱ्या दिवशी लेक बाळापूरला जाऊन आला, वेल्डिंगवाल्याच्या दारावरून गेला आणि दारावरून आला. रबर? विसरला. जीप चिखलातून येताना त्या चाकाचा आवाज तांड्याच्या अलीकडूनच ऐकू यायचा, खडाखड खडाखड, जशी भांड्यांची गोणी. आमचे मालक ओट्यावर बसलेले. त्यांना आवाज सहन होत नाही.

"हे लोखंड बडबड करून राहिलं," म्हणाले. "ओझं आवळल्यावर आवाज यायलाच नको."

आमच्या लोकांचा जुना धंदा लदेणीचा. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुख तुडवायचा. तो धंदा मालकांनीही पाहिला नाही, त्यांच्या आज्यानं केला. पण गाठी राहिल्या. कुठलं ओझं कसं आवळायचं, कुठं सुरगाठ आणि कुठं निरगाठ, हे मालकांना हाताच्या रेषांसारखं माहीत. पोरीच्या लग्नाचा मांडव असो की कडब्याची गाडी, गाठ मारायला त्यांनाच बोलावतात. आणि त्यांनाही ते फार आवडतं.

"दोर दे," मला म्हणाले.

मी दिला. हे मी लपवणार नाही. अंबाडीचा दोर, मीच मागच्या साली वाख काढून वळलेला, चांगला अंगठ्याएवढा. मालकांनी चाकाचा हात आणि बंपर ह्यांना तीन वेढे घातले, गुडघा लावून ओढलं आणि वर निरगाठ मारली, एकावर एक दोन. लेकानं चाक हलवून बघितलं. हूं नाही की चूं नाही. सगळे म्हणाले, वा. मीही म्हणाले, वा.

आता सांगा, अंबाडीचा दोर भिजला की काय होतं, हे आमच्यातल्या कुठल्या बाईला माहीत नाही? पावसात बाज अंगणात राहिली तर सकाळी तिचे दोर असे ताणलेले असतात की बाजेचा एक पाय जमीन सोडून वर येतो. मी हजारदा पाहिलंय. पण त्या घडीला नवऱ्याच्या गाठीचं कौतुक करत उभी राहिले. स्वतःला शहाणी समजणाऱ्या माझ्यासारखीला ह्याची लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

पट्टीच्या आदल्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला तो सकाळपर्यंत. सकाळी भुरभुर चालू होती. जाऊबाईला मी आंघोळ घातली, म्हणजे पुसून काढली, लुगडं नेसवलं. खाटेसकट तिला आम्ही चौघींनी उचललं, मी, माझी सून आणि शेजारच्या दोघी. तिच्यावर खताच्या पोत्याचं प्लास्टिक धरलं. जीपपाशी आलो तर मागच्या बाजूला बाप्यांची गर्दी.

"काय झालं?"

"गाठ सुटंना," लेक म्हणाला.

दोर काळाभोर, फुगलेला. दोन गाठींची मिळून एक दगडासारखी गाठ झालेली. नख जाईना. पकडीची दांडी दोराखाली दबलेली. हात फिरेना, म्हणून दार उघडेना.

"नखानं नको," मालक म्हणाले, "वरचा वेढा खाली ढकल, मग सुटंल."

ढकलला. नाही.

"तेल सोडा गाठीवर."

तेल आलं. त्या तेलानं हात घसरायला लागले, गाठ आणखी गुळगुळीत आणि घाण. एकानं साबण आणला. एकानं दाभण आणलं. एक जण वाकून चक्क दातांनी ओढायला लागला, त्याच दोराला, ज्याच्यावर चिखल, शेण, तेल सगळं माखलेलं. मी तोंड फिरवलं. आणि आमची खाट चिखलात टेकवलेली. सून एका हातानं प्लास्टिक धरून, दुसऱ्यानं माश्या हाकलून राहिली. पाऊस असला तरी त्या वासावर माश्या येतच होत्या.

"पान्यानं सगळा हातच खोला ना," कुणी म्हणालं.

"एवढा मोठा पाना कुठं आहे?"

मग दात लावणारा तोंड पुसत उठला आणि म्हणाला, "कशाला दाराची भानगड? पुढून घालू. तिघं धरू, एक मिनिटाचं काम."

 कुणी "नको" म्हणालं नाही. दोघं तर पुढच्या दाराकडं चालायलाही लागले.

प्लास्टिकखालून जाऊबाईचा आवाज आला. "धाकटे. मला घरात ने."

तो आवाज मोठा नव्हता. पण मला कळलं की आत्ता ही आत गेली तर पुन्हा बाहेर येणार नाही. पाय नाही, पट्टी नाही, काही नाही. ती आत भिंतीकडं तोंड करेल आणि तो वास वाढत जाईल आणि हे सगळे बाप्ये ओट्यावर बसून म्हणतील, आपण तर पुष्कळ प्रयत्न केला.

मी घराच्या वळचणीतून इळा ओढला.

मालक आडवे आले. "दोर तोडू नको."

"काहून?"

"लदेणीचा दोर तोडत न्हाईत. सोडतात. बैल ओझ्याखाली मेला तरच तोडतात." खरंच तशी रीत आहे. आमच्यात ओझ्याच्या दोराला हत्यार लावत नाहीत. आजही कडब्याच्या गाडीचा दोर कुणी कापला तर मालक दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीत.

"मग बैल मरायची वाट बघून राहिलात का?" मी म्हटलं. "ती पडली बघा तुमच्या समोर."

माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, चारचौघांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. ते बाजूला झाले. रागानं झाले की कळून झाले, मी विचारलं नाही.

ओला अंबाडीचा दोर इळ्यानं एका फटक्यात तुटत नाही. करवतीसारखं घासावं लागतं. एकेक पीळ तटतट तुटत गेला आणि माझ्या तोंडावर तेलाचे, चिखलाचे शिंतोडे उडत गेले. मी वळलेला दोर, चांगला वळला होता, म्हणून जास्त वेळ लागला. शेवटचा पीळ तुटला तशी मी दांडी ओढली. जीप थोडी कलती उभी होती. चाक आपल्या वजनानंच गरकन फिरलं. तो पुढून-घालूवाला मधीच उभा होता, तो मागं सरकला आणि पचकन चिखलात बसला. कुणी हसलं नाही. मी हसले.

दार एका बोटानं उघडलं. आम्ही चौघींनीच जाऊबाईला फळीवर सरकवली, पदर नीट करून. एकाही बाप्याला हात लावू दिला नाही. तिनं डोळे मिटले आणि श्वास सोडला. तो श्वास मला ऐकू आला.

वाटभर ते चाक खडखडलं.  बाळापूर आलं तशी मी मागून ओरडले, "गाडी थांबव त्या थुंक्यापाशी." वेल्डिंगवाल्यानं पकड बघितली, दोराचे तुटके धागे बघितले, माझ्या तोंडावरचे शिंतोडे बघितले.  जुन्या टायरचा एक तुकडा कापला, तळहाताएवढा, दोन बोल्टांनी पकडीत बसवला, दांडी दाबली. चाक हलवलं. गप्प.

"पाच मिनिटं म्हणालो होतो," तो म्हणाला आणि थुंकला.

तळहाताएवढा टायरचा तुकडा. त्याच्यापायी दोन दिवस दोर, निरगाठ, तेल, साबण, दात, आणि एक बाई पावसात माश्यांच्या खाली. मी त्या तुकड्याकडं बघत राहिले आणि मला खरोखर ओकारी आली. रस्त्याच्या कडेला जाऊन मी ओकले. लेक पाणी घेऊन आला. मी चूळ भरली आणि त्याला म्हटलं, "मला पाजू नको. तू पी, तुझ्या घशाला कोरड पडली असंल." तो खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "चुकलं याडी." ते मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, पण त्या घडीला मला त्याचंही कौतुक वाटलं नाही.

वसमतला दवाखान्यासमोर तीच टपरी, तीच किंवा तसलीच माणसं. जीप उभी राहिली तशी दोघं-तिघं उठलेच. मी आधी पुढच्या दारानं उतरले. लेकाला म्हटलं, तू त्यांच्याकडं तोंड करून उभा राहा, कुणी पुढं आलं तर आडवा हो. तो राहिला. सोबत आलेली सून दवाखान्यातून चाकांची खाट आणायला गेली. मी दांडी ओढली. चाक फिरून रस्त्यावर आडवं आलं, अर्धा रस्ता त्यानंच अडवला. दार उघडलं आणि मी आडोशाला चादर धरली.

जाऊबाई आतून म्हणाली, "थांब. आधी माझे केस बघ."

वाटेतल्या धक्क्यांनी तिचे केस सुटले होते. मी चादर दाराला अडकवली, फणी काढली आणि फळीच्या कडेवर बसून तिचे केस विंचरायला घेतले. पांढरे, पातळ, पण लांब. मागं एक मोटारसायकल थांबली, मग ऑटो, मग टेम्पो. भोंगे सुरू झाले. दवाखान्याची खाट घेऊन आलेला माणूस ताटकळला. मोटारसायकलवाला ओरडला, "ओ मावशी! हे चाक काढा की रस्त्यातून! किती वेळ?"

मी चादरीबाहेर तोंड काढलं. माझ्या तोंडावर अजून चिखल वाळलेला होता, त्यानं बघितलं असणार.

"थांब," मी म्हटलं. "बाई केस विंचरून राहिली."

आतून जाऊबाई म्हणाली, "भांग सरळ पाड गं. घाई करू नको."